मुतखड्याची गाडी

सूर्यभानच्या गाडीत बसून तेल्हाऱ्याहून आकोटला पोचलेला माणूस खाली उतरला की दोनपैकी एक नाव घेई. देवाचं, नाही तर सूर्यभानच्या आईचं. दोन्ही नावं ऐकायची सूर्यभानला सवय झाली होती.

गाडी म्हणजे जुना सहाचाकी ट्रक. त्याचे पुढचे, दणके पोटात घेणारे शॉकअप कधीच मेले होते. लग्नात नवरदेवाचे दूरचे मित्र असतात तसे ते नुसते लटकून होते. कामाचे नाहीत, पण हाकलायचे कोणी? त्यात सूर्यभान पूर्वी गिट्टी-खडी वाहायचा. वऱ्हाडातला गाडीवाला मिस्त्रीकडे चाकावरच्या पाट्यांची कमान बसवायला गेला की "एक पाटा जादा टाक" हे त्याच्या तोंडून आपोआप निघतं. सूर्यभानच्याही निघालं होतं. पुढं गिट्टी सुटली, सरकीची पोती आली, जादा पाटा मात्र कमानीत तसाच राहिला. त्यामुळे गाडीचं तोंड खड्ड्यात उतरत नसे, खड्ड्यावर आपटत असे. आत बसलेला माणूस आधी टपाला लागे, मग सीटला, मग सूर्यभानला.

अशा गाडीत एकदा तायडे गुरुजी बसले. एसटी चुकली होती, म्हणून बसले. शहाणा माणूस आपण होऊन बसला नसता. हिवरखेडच्या अलीकडे गुरुजींनी कमरेला हात लावला, चेहरा पांढरा केला आणि गाडी थांबवायला सांगितली. ते बाभळीमागं गेले. बराच वेळ आले नाहीत. सूर्यभानला वाटलं, गुरुजी तिकडेच आटोपले. तेवढ्यात ते धोतर सावरत आले आणि त्यांनी तळहात पुढं केला. तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा खडा.

"सूर्यभान," गुरुजी म्हणाले, "सालभर गोया खाल्ल्या. तुया गाडीनं अर्ध्या रस्त्यात पाडला."

गुरुजींनी तो खडा आगपेटीत घातला आणि गावभर दाखवला. पारावर दाखवला, सलूनमध्ये दाखवला, एका बारशात पाळण्याशेजारी उभं राहूनही दाखवला.

आता हा सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही आणि चहा केला तर पाहुणा पुन्हा येत नाही. पिढ्यान् पिढ्या हे पाणी पिऊन इथल्या लोकांच्या पोटात खडे. कोणाकडे जमीन नसेल, बैल नसेल, पण मुतखडा असतोच. तेव्हा गुरुजींची आगपेटी काय करणार होती हे सांगायला नको. दर्यापूर, अंजनगाव, पार अमरावतीकडून लोक यायला लागले. कॅबिनमध्ये बसत, दात खात, दणके घेत. कोणाचा खडा पडे, कोणाचा पडत नसे. ज्याचा पडे तो गावभर सांगे. ज्याचा पडत नसे तो कंबर धरून घरी झोपून राही, त्यामुळे त्याचं म्हणणं कोणाला कळत नसे.

आणि सूर्यभान डॉक्टर झाला.

ह्यात हसण्यासारखं काही असेल तर ते लोकांना. सूर्यभानला हसू येत नव्हतं. त्याचा सगळा जन्म 'ए सूर्या' मध्ये गेला होता. खुशालरावांच्या जिनिंगमधून तो अकोल्याला सरकी न्यायचा. एवढ्या वर्षांत खुशालरावांनी त्याला कधी नाव पूर्ण घेऊन हाक मारली नव्हती. आता तेच खुशालराव आपल्या माणसाला सांगत, "डॉक्टरले खुर्ची दे रे." सूर्यभान खुर्चीच्या टोकावर बसे. अख्ख्या खुर्चीवर बसायची त्याची अजून तयारी झाली नव्हती.

त्याची बायको शालू मात्र गाडीकडे पाहून तोंड वाकडं करी. लग्नानंतर ती त्या गाडीत एकदाच बसली होती.

"लोकायची गाडी खराब झाली तर ते मिस्त्रीकडे जातेत," ती म्हणे. "तुमची खराब झाली तर लोक नारय घेऊन येतेत."

"तुले नाही समजत वं."

"मले समजते. म्हनून मी एसटीनं जातो."

तर असं ते चाललं होतं आणि पुढंही चाललं असतं. पण एक दिवस बँकेतला एक माणूस कॅबिनमध्ये असताना पुढच्या कमानीचा मेन पाटा तुटला. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला, गाडी डावीकडं ओढली गेली आणि सरळ कोणाच्या तरी तुरीत जाऊन उभी राहिली. सूर्यभानचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. रस्त्याच्या उजव्या अंगाला विहीर होती. बिनकठड्याची. गाडी डावीकडं गेली हे गाडीनं ठरवलं होतं, सूर्यभाननं नाही.

बँकवाला खाली उतरला, तुरीत गेला आणि परत आला तो नाचत आला. त्याचंही काम झालं होतं. म्हणजे ज्या दिवशी गाडी मेली त्याच दिवशी तिची कीर्ती सगळ्यात मोठी झाली.

गाडी ओढून आकोटला कुर्बान मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. कुर्बान मेंदीच्या दाढीचा, आडव्या बांध्याचा माणूस. त्याला गाडीपेक्षा गाडीवाला तपासायची हौस जास्त. तो पोटावर हात ठेवून गाडीखाली सरकला, चाकाखाली पहार घालून त्यानं चाक वर उचकटलं. चाक सैल दातासारखं हललं. मग बराच वेळ गाडीखालून नुसता "तौबा, तौबा" असा आवाज येत राहिला.

"सूर्यभान भाऊ," तो खालूनच म्हणाला, "ये गाडी कायपे चलती थी?"

"डिझेलवर."

"झूट. दुआवर चालून राहिली होती."

तो बाहेर आला. त्यानं एक शॉकअप काढून आणला होता. दोन्ही हातांत धरून त्यानं तो दाबला, ओढला, दाबला, ओढला. आत-बाहेर करताना त्याला काडीचा जोर लागत नव्हता.

"हे शॉकअप नाही, पिचकारी हाये. होळीले पोट्ट्यायले देजो. अन् हे पाह्य." त्यानं मूठ उघडली. मुठीत काळी भुकटी होती. "ह्याले बुश म्हनतेत. रबराचा असते. तुयावालीत त्याची तपकीर झाली. ओढ एक चिमूट."

सूर्यभाननं घसा खाकरला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कोणी ऐकत नाही ह्याची खात्री केली.

"मिस्त्री, तुमी असं करा. मेन पाटा तेवढा नवा टाका. बाकी राहू द्या."

"बाकी काय?"

"शॉकअप राहू द्या. बुश राहू द्या. तो जादा पाटा बी राहू द्या."

कुर्बाननं हातातला पाना खाली ठेवला.

"काहून?"

सूर्यभाननं कारण सांगितलं. गुरुजी, आगपेटी, दर्यापूर, बँकवाला, सगळं. कुर्बान आधी हसला, इतका हसला की त्याला खोकला लागला. मग त्यानं डोळे पुसले.

"माया आयुष्यात गिऱ्हाईक भांडलं की मिस्त्री, आवाज काहून नाही गेला. आवाज ठेवा म्हननारा तू पहिला. अरे, गाडी तुरीत गेली म्हनून तू अठी उभा हायेस. विहिरीत गेली असती तर मुतखडा बी पडला असता अन् मुतनारा बी."

"मले लोक डॉक्टर म्हनतेत, कुर्बानभाई." सूर्यभान हळूच म्हणाला. "हे गेलं तर मी मंग कोन?"

"मले लोक इंजिनीअर म्हनतेत. म्हनून मी पूल बांधाले गेलो का?"

"तुमी पाटा टाका फक्त."

"हाव, हाव," कुर्बान म्हणाला.

कुर्बाननं एकदा 'हाव' म्हटलं की त्याचा अर्थ हो. दोनदा म्हटलं की तो काय करणार हे त्यालाच माहीत. सूर्यभानला हे माहीत नव्हतं. तो निर्धास्तपणे एसटीनं घरी गेला.

दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा गाडी चाकांवर उभी होती आणि तिच्या पुढच्या भागाखाली सगळं नवं चमकत होतं. नवे शॉकअप, नवे बुश, नव्या पिना, ग्रीसनं भरलेले सांधे. जादा पाटा काढून टाकलेला. सूर्यभान वाकून पाहत राहिला. स्वतःच्या घरात परका माणूस बसलेला पाहावा तसा.

"मी काय सांगतलं होतं?"

"तू पाटा म्हनला. मी पाटा टाकला. आता अर्धी दाढी करून न्हावी गिऱ्हाइकाले उठवते का? उद्या गाडी पलटी खाईन तर लोक विचारतीन, आखरी हात कोनाचा लागला? कुर्बानचा." त्यानं एक नवा शॉकअप, दुसऱ्या कोणाच्या गाडीसाठी आणलेला, सूर्यभानच्या हातात दिला. "दाब."

सूर्यभाननं दाबला. जोर लावावा लागला. सोडला तर तो दांडा जेवून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा सावकाश वर आला.

"हे काम असते त्याचं. खड्डा गाडीले कळते, मानसाले कळत नाही."

"मानसाले कळाले पाह्यजे, मिस्त्री. तोच तर इलाज हाये. जुने कुठी हायेत? लावून द्या परत."

"भंगारवाला आत्ताच गेला. धाव."

सूर्यभान खरंच चौकापर्यंत धावला. भंगारवाला सापडला नाही.

परत तेल्हाऱ्याला येताना गाडी इतकी गप्प होती की सूर्यभानला भीती वाटायला लागली. स्वतःचा खोकला ऐकू आला. काचेवर आपटलेला टोळ ऐकू आला. हिवरखेडजवळचा मोठा खड्डा, ज्याला तो मनात 'ऑपरेशन' म्हणायचा, तो आला आणि गेला. गाडीनं नुसती मान लववली. घरी आल्यावर शालू बाहेर आली, गाडीभोवती फिरली आणि न सांगता कॅबिनमध्ये चढून बसली. सूर्यभाननं तिला वेशीपर्यंत फिरवून आणलं.

"बाप्पा," ती म्हणाली, "हे तर मोटार झाली."

"मेली," सूर्यभान म्हणाला.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. अंजनगावचा एक शिंपी आला, त्याला त्यानं नेहमीसारखं नेऊन आणलं. वाटेत मुद्दाम चाकं धुऱ्याच्या बांधावर चढवली, नाल्यात उतरवली. शिंपी उतरला, त्यानं खिन्नपणे विडी पेटवली आणि म्हणाला, "डॉक्टर, आज दवा फिकी हाये."

सूर्यभान त्या रात्री जेवला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खुशालरावांचा माणूस बोलवायला आला.

खुशालरावांचा खडा जुना होता. त्यांचे त्याच्यावर पानफुटीचा रस, कुळथाचं पाणी, बिअर आणि एका महाराजांची विभूती असे सगळे प्रयोग करून झाले होते. अकोल्याच्या डॉक्टरानं सांगितलं होतं, खडा मोठा आहे, अडकलेला आहे, दुर्बिणीनं काढावा लागेल. तेव्हापासून खुशालरावांनी अकोल्याचं नाव टाकलं होतं. आता चार-पाच रात्री ते झोपलेले नव्हते. नेहमी खळ लावलेल्या सदऱ्यात दिसणारा माणूस गंजिफ्रॉकवर ओट्यावर बसला होता, एक हात कुशीत दाबून.

"डॉक्टर, मले घेऊन चाल," ते म्हणाले. "अन् दया नको करजो. जितके दनके असतीन तितके दे."

खुशालराव म्हणजे काही शिंपी नव्हे. दणके बसले नाहीत तर बोभाटा होणार. डॉक्टरकी जाणार, आणि तिच्यासोबत जिनिंगची सरकीही. दुसरा ट्रकवाला बोलवायला खुशालरावांना फोनसुद्धा करावा लागत नव्हता; तिघं फाटकाबाहेर उभेच असत. खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात खुशालराव म्हणाले, "डॉक्टरले चहा द्या," आणि त्याचं तोंड मिटलं.

खुशालरावांची सून प्रणाली चहा घेऊन आली. गावात सूर्यभानला डॉक्टर न म्हणणारी ती आणि शालू, दोघीच.

"सूर्यभानकाका," ती हळू आवाजात म्हणाली, "ही पिशवी गाडीत ठेवा. टॉवेल आहे, पाणी आहे. खाली त्यांची सोनोग्राफी आहे."

"सोनोग्राफी कायले?"

"असू द्या. लागली तर."

गाडी निघाली. खुशालरावांनी एका हातानं दांडी धरली, गमछ्याचा बोळा करून दातांत धरला आणि डोळे मिटून घेतले. सूर्यभाननं पहिल्याच खड्ड्यात वेगानं चाक घातलं. गाडी अदबीनं खाली गेली, अदबीनं वर आली. दुसरा. तिसरा. जन्मभर त्यानं खड्डे चुकवले होते किंवा खड्ड्यांनी त्याला पकडलं होतं; खड्डा शोधत हिंडायची ही पहिलीच वेळ. त्यानं कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता धरला. एका शेताच्या धुऱ्यावरून गाडी घेतली. नाल्यात उतरवली. नवे शॉकअप घरंदाज सुनेसारखे सगळं पोटात घालत होते.

खुशालरावांनी गमछा तोंडातून काढला.

"डॉक्टर, सुरू काहून नाही केलं अजून?"

"सुरूच हाये, भाऊसाहेब. आधी हलका डोज असते."

"अस्सं." खुशालराव विश्वासानं मागं टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुले माहीत हाये का, ते अकोल्याचे लोक दुर्बीन कुठून टाकतेत?"

"कुठून?"

खुशालरावांनी बोटानं दाखवलं.

सूर्यभान गाडी चालवत होता, तरी त्यानं दोन्ही मांड्या जवळ घेतल्या.

"तिथून?"

"तिथून. मले त्या पोट्ट्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मी म्हनलं, बाबू, मी दोनदा सरपंच राहिलेला मानूस हावो. माया खडा मायासंग जयीन चितेवर, पन तिथून कोनी डोकावनार नाही."

हिवरखेड गेल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. सूर्यभानच्या मनात आशा उगवली. खुशालराव बाभळीमागं गेले. सूर्यभान स्टिअरिंगवर हात जोडून बसला. कोणत्या देवाच्या खात्यात हे येतं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यांनाच विनवलं. खुशालराव परत आले ते झाडाला धरत, मग गाडीच्या फाळक्याला धरत. वर चढायला त्यांना सूर्यभानचा हात लागला. खुशालरावांचा हात गरम होता. नुसता गरम नव्हे, तापलेला.

"काही पडलं का?"

"नाही." खुशालराव पुढच्या काचेतून बाहेर पाहत होते. "पानी लाल आलं. चांगलंच लाल. अन् थंडी वाजून राहिली." मग त्यांनी मान वळवून सूर्यभानकडं पाहिलं. "हे चांगलं लक्षन हाये ना, डॉक्टर? खडा सुटून राहिला ना?"

आजवर लोकांनी सूर्यभानला डॉक्टर म्हटलं होतं, पण डॉक्टरला विचारतात तसं काही विचारलं नव्हतं. बसत होते, दणके घेत होते, उतरत होते. खुशालराव उत्तराची वाट पाहत होते. शाळेतल्या पोरासारखी, तोंड थोडं उघडं ठेवून. सूर्यभाननं आपल्या डोक्यात शोधलं. तिथं ग्रीस होतं, सरकी होती, आकोट ते अकोला रस्ता होता.

"झोपा थोडं," तो म्हणाला. "टेका मागं."

"ह्या गाडीत झोप कोनाले लागते बे," असं म्हणून खुशालरावांनी डोकं टेकलं आणि आकोटची वेस यायच्या आत ते घोरायला लागले.

त्या कॅबिनमध्ये आजवर कोणी झोपलेलं नव्हतं. सूर्यभाननं गाडी हळू केली. खुशालरावांचा जबडा खाली आला होता, दाढीचे पांढरे खुंट दिसत होते, झोपेतही एक हात कुशीवरून निघत नव्हता. गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी चालली होती. जुन्या गाडीत ह्या माणसाला घेऊन आपण आत्तापर्यंत दहा वेळा आपटलो असतो, हे सूर्यभानच्या मनात आलं. मग ते मनातून जाईना.

आकोटच्या चौकात त्यानं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून प्रणालीला फोन लावला.

"ताई, मालक झोपले."

"झोपले? खरंच झोपले?"

"घोरून राहिले. पन अंग भट्टीसारखं हाये अन् लघवीतून रगत गेलं. अठून सरळ अकोला हाये. नेऊ का?"



"न्या, काका. लगेच न्या. मी मागून निघते. पण मधे जागे झाले तर माझं नाव सांगू नका."

"मंग कोनाचं सांगू?"

"तुमचंच सांगा. डॉक्टर तुम्ही आहात."

गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली आणि सूर्यभाननं इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. प्रत्येक खड्डा चुकवला. चुकवता आला नाही तिथं बैलगाडीच्या वेगानं उतरवला. मागून मोटारसायकलवाले शिव्या देऊन जात होते, त्यानं त्या मुकाट्यानं घेतल्या. पूर्णेच्या पुलावर खुशालराव एकदा पुटपुटले, "कपाशी झाका रे," आणि पुन्हा घोरायला लागले.

जागे झाले ते दवाखान्याच्या दारात, स्ट्रेचर गाडीला लागल्यावर. त्यांनी पाटी वाचली. पाटी वाचून सूर्यभानकडं पाहिलं. ताप होता तरी आवाज खणखणीत निघाला.

"सूर्या. हरामखोरा. कुठी आनलं मले?"

"अकोल्याले, मालक."

"दनके कुठी गेले? कुठी गेले तुये दनके?"

"शॉकअप बदलले. बुश बदलले. जादा पाटा काढला. आता ह्या गाडीनं काही पडत नाही." सूर्यभाननं एका दमात सगळं सांगून टाकलं. "मी डॉक्टर नोहे. तुमाले माहीत हाये, मी कोन हावो."

"सरकीचं पोतं नाही देनार तुले. फाटकात पाय ठेवू नको."

"नाही ठेवत. तुमी आत जा."

स्ट्रेचर आत गेलं. आतून बराच वेळ माजी सरपंचांचा आवाज येत होता. कोणी त्यांचा पायजमा मागत होतं आणि ते देत नव्हते. एक नर्स कागद घेऊन बाहेर आली.

"पेशंटचे तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर," सूर्यभान म्हणाला आणि सोनोग्राफीची पिशवी तिच्या हातात दिली.

प्रणाली आली. तिनं सह्या केल्या, डॉक्टरांशी बोलली. आधी ताप उतरवावा लागला, मग दुर्बीण गेली, जिथून जायची तिथूनच. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर किडनीवर बेतलं असतं. सूर्यभान तोवर घरी गेला होता. शालूला त्यानं सगळं सांगितलं. संध्याकाळी तिनं त्याच्या ताटात पुरणाची पोळी वाढली. सण कोणता होता हे त्यानं विचारलं नाही.

पुढचे दिवस त्यानं गाडी पुसण्यात घालवले. जिनिंगकडं तो फिरकला नाही. फाटकात पाय ठेवू नको म्हटल्यावर माणसाचे पाय कसे मागं फिरतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सूर्यभानच्या बापाचेही एकदा तसेच फिरले होते. मग एका सकाळी पुन्हा खुशालरावांचा माणूस आला.

"मालक बोलावून राहिले. लवकर चाल."

ओट्यावर माणसं जमली होती. खुशालराव खळीच्या सदऱ्यात मधोमध, रंग परतलेला. सूर्यभान फाटकाबाहेरच उभा राहिला.

"ये डॉक्टर," खुशालराव म्हणाले. "खुर्ची द्या रे."

सूर्यभान जागचा हलला नाही. त्याला वाटलं, चारचौघांत उतरवायला बोलावलंय.

"ह्याच्या गाडीत बसलो," खुशालराव लोकांना सांगत होते, "अन् डोया लागला. समजलंच नाही. आता तर दनके बी नाहीत. उठलो तर खडा गायब. बास."

मधलं काय काय त्यांनी गाळलं हे तिथं जमलेल्यांत तिघांनाच माहीत होतं. त्यातली एक, प्रणाली, चहाचा ट्रे धरून दारात उभी होती आणि अतिशय काळजीपूर्वक छताकडं पाहत होती. खुशालरावांनी सूर्यभानकडं डोळे लावले. त्या डोळ्यांत धमकी होती आणि विनंतीही. दोनदा सरपंच राहिलेल्या माणसाची अब्रू एका ट्रकवाल्याच्या तोंडाशी आली होती.

सूर्यभानला तो फार सोपा मोका होता. त्यानं घेतला नाही. पण खोटंही त्याच्या तोंडून निघेना.

"मी काही नाही केलं," तो लोकांना म्हणाला. "कुर्बान मिस्त्रीनं शॉकअप नवे टाकले. ती साधी गाडी हाये आता."

ओट्यावर समाधानाची कुजबुज झाली.

"नवीन मशीन टाकली म्हना," एकजण म्हणाला.

"बिनदुखीची," दुसरा म्हणाला.

त्या दिवशी त्याला सरकी मिळाली. दुसऱ्या सकाळी अकोल्याला निघायला तो बाहेर आला तर गाडीशेजारी दर्यापूरची एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. नवरा कमरेत वाकलेला. सूर्यभाननं शालूकडं पाहिलं. शालूनं घरातून उशी आणून कॅबिनमध्ये टाकली.

"रिपोर्ट हायेत का?" सूर्यभाननं विचारलं.

"हायेत," बाई म्हणाली. "पन आमाले दवाखान्यात नाही जायचं, भाऊ. हे भेतेत."

"आधार कार्ड?"

"तेही हाये. कायले?"

"असू द्या. चढा वर."

बाईनं नवऱ्याला वर चढवलं, मग स्वतः चढली आणि दाराला घट्ट धरून बसली.

"लय दनके बसतेत म्हनतेत ना?"

"आता नाही बसत. आता झोप लागते."

"अन् उठल्यावर?"

सूर्यभाननं गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला.

"उठल्यावर अकोला येते," तो म्हणाला.